सातबारा वाचणारा गुप्तहेर हवा

रात्री दिवा मालवायची धास्ती वाटावी अशा गोष्टी मराठीत कुणी लिहिल्या, असे विचारले तर नारायण धारप यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९२५ साली जन्मलेले आणि २००८ साली निवर्तलेले धारप शिक्षणाने रसायनशास्त्राचे. लिहिली मात्र भुताखेतांची आणि अज्ञात शक्तींची दुनिया. २०१८ साली त्यांच्या कादंबरीवर ‘ग्रहण’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. त्याच वर्षी त्यांच्या कथेवरून सुचलेला ‘तुंबाड’ पडद्यावर आला. मराठवाड्यातीलच साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तके नव्याने बाजारात आणली. म्हणजे धारपांना आज नवा वाचक मिळाला आहे, आणि त्यात आपल्या वस्तीतली, वसतिगृहातली पोरेही आहेत. म्हणून हा विषय.

धारपांनी मराठीला एक गुप्तहेरही दिला. त्याचे नाव समर्थ. हा चोर, दरोडेखोरांच्या मागे लागत नाही. एखाद्या घरात काही अमंगल शिरले, एखाद्या माणसाचा अदृश्य शक्तीने कबजा घेतला, की घरची माणसे समर्थांना हाक घालतात. समर्थ येतात, सोबत अप्पा असतात. ते घर पाहतात, माणसे पाहतात आणि मग त्या शक्तीशी झुंजतात. तपास आणि मंत्रसामर्थ्य यांची अशी सांगड घालणारी दीर्घकाळ चाललेली दुसरी कथामालिका मराठीत सहज आठवत नाही.

आम्ही किनवटची माणसे. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला, मग नांदेडला जोडलेला हा तालुका. सागवानाचे जंगल, पैनगंगेचा काठ, गोंड-कोलामांचे पाडे आणि बंजाऱ्यांचे तांडे. इथे वीज गेली की पुस्तकातला अंधार दारात येऊन उभा राहतो. १९९० च्या दशकात आमच्या वयाच्या पोरांमध्ये समर्थकथा हातोहात फिरायच्या. पुठ्ठा निघालेला, पाने सुटलेली, तरी पुस्तकासाठी नंबर लावावा लागे. धारपांची लेखणीच तशी. साध्या वाड्याचे, बंद खोलीचे, जिन्याचे वर्णन करता करता ते वाचकाच्या मानेवर काटा आणत. ही त्यांची ताकद आम्ही आजही मानतो.

मग उत्साह ओसरला कुठे?

तो एका दिवसात ओसरला नाही. पाच-सहा पुस्तके झाली की वाचकाला वेळापत्रक पाठ होते. घरावर संकट, समर्थांना हाक, समर्थांचे आगमन, पहिली झटापट, मध्यरात्रीचा सामना आणि पहाटे सुटका. पहिल्या पुस्तकात समर्थ टिकतील की नाही, ही धाकधूक होती. पुढे पुढे समर्थ जिंकणार हे पहिल्या पानावरच ठरलेले. शक्ती मोठी झाली की समर्थांची सिद्धीही तेवढीच मोठी होते. जिथे नायकाच्या झोळीत प्रत्येक कुलपाची किल्ली आहे, तिथे कुलूप उघडण्याची उत्सुकता किती दिवस टिकेल?

लांबलेल्या प्रत्येक मालिकेला हा रोग जडतो, असे कुणी म्हणेल. आर्थर कॉनन डॉयलही शेरलॉक होम्सला कंटाळले आणि १८९३ साली त्यांनी त्याला मारून टाकले. वाचकांच्या रेट्यापुढे १९०३ साली त्याला परत आणावे लागले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांनी सगळा भार एकाच खांद्यावर टाकला नाही. झुंजार, धनंजय, काळापहाड असे नायक पाळीपाळीने कामाला लावले. तेव्हा लांबी हे एक कारण झाले. आमच्या मते खरे कारण दुसरे आहे.

आम्ही पुढे कायदा शिकलो आणि कोर्टात उभे राहू लागलो. तिथे पहिला धडा हा, की सांगणारा कितीही मोठा असो, त्याचा शब्द उलटतपासणीतून जावा लागतो. पंचनामा लागतो, मुद्देमाल लागतो, साक्षीदार लागतो. समर्थकथेत यातले काय आहे? समर्थांना जे जाणवते तेच सत्य. त्यांनी बोट दाखवले की संशय संपला. अप्पांनी कौतुक करावे, घरच्यांनी हात जोडावेत आणि वाचकाने मान डोलवावी. यात तपास उरतच नाही. नाव गुप्तहेराचे आणि काम तारणहाराचे!

याच्यासमोर डॉयल यांची १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी ठेवून पाहा. माळरानावर आग ओकणारे भुताचे कुत्रे फिरते, एका घराण्याला शाप आहे, अशी वदंता. होम्स तिथे जातो आणि शोधून काढतो, की कुत्रे खरेच आहे, त्याच्या तोंडाला फॉस्फरस फासला आहे आणि हे सारे एका वारसाने इस्टेट गिळण्यासाठी रचले आहे. गंमत अशी, की स्वतः डॉयल उत्तरायुष्यात मृतात्म्यांवर विश्वास ठेवू लागले, १९२० साली तर पऱ्यांच्या फोटोंनाही भुलले. पण आपल्या गुप्तहेराला त्यांनी भुताच्या नादी लावले नाही.

हा फॉस्फरस आमच्या मुलखाला परका नाही. मराठवाडा आणि शेजारच्या तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेवर भानामतीची दहशत पिढ्यान् पिढ्या आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, अन्नात घाण सापडते, बायका कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन दाखवून दिले, की पेटणाऱ्या कपड्यामागे फॉस्फरस असतो आणि दगडामागे माणसाचा हात असतो. भुंकणाऱ्या बाईच्या मागे बहुतेक वेळा तिची घुसमट असते. सासर, कर्ज, मारझोड, न झालेले मूल यांपैकी काहीही. तिला मांत्रिकाची नव्हे, डॉक्टरची आणि आधाराची गरज असते.

आणि भानामती केली कुणी, म्हणून बोट कुणाकडे जाते? कधी कोपऱ्यातल्या घरातली विधवा, कधी एकटी म्हातारी, कधी जातीने खालचे ठरवलेले कुटुंब. थोडे खोदले की खाली बांधाचा वाद निघतो, विहिरीचे पाणी निघते, भावकीतला हिस्सा निघतो. बास्करव्हिलची इस्टेट आणि आमच्या गावची दोन एकर कोरडवाहू, प्रकरण एकच! फरक एवढाच, की इथे होम्स येत नाही. इथे येतो तो ‘मला सगळे दिसते’ म्हणणारा देवऋषी, आणि त्याची उलटतपासणी घेण्याची कुणाची हिंमत नसते. हे जवळून पाहिलेल्या वाचकाला समर्थांची अंतर्दृष्टी निव्वळ करमणूक कशी वाटावी?

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी, जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. कायदा आला, पण गावाच्या मनातली ‘कुणीतरी केले’ ही कथा कलमाने पुसली जात नाही. कथेला कथेनेच उत्तर द्यावे लागते.

गैरसमज नको. आम्ही समर्थकथांवर बंदी मागत नाही. कथा म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे, लेखकाला कल्पनेचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. आणि स्वतः धारपांनीच दुसरी वाट दाखवली आहे. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून त्यांनी ‘शपथ’ लिहिली. तिथे कुणी सिद्धपुरुष धावून येत नाही. लहानपणीचे साधे मित्र एकमेकांना दिलेला शब्द पाळण्यासाठी पुन्हा जमतात आणि घाबरत घाबरत एकजुटीने लढतात. ती कादंबरी म्हणूनच अखेरपर्यंत धरून ठेवते. हरण्याची शक्यता असेल तरच लढाईला अर्थ. तारणहाराची वाट पाहू नका, संघटित व्हा, हे आपल्याला नव्याने का सांगायला हवे? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी चमत्कार बाजूला सारले आणि कार्यकारणाचा धागा हाती धरला. तोच धागा रहस्यकथेचाही कणा आहे.

म्हणून आपल्या लिहिणाऱ्या पोरापोरींना आमचे सांगणे आहे. धारप जरूर वाचा, भीती शब्दांत कशी उभी करावी ते त्यांच्याकडून शिका. पण गुप्तहेर आपला उभा करा. ती एखादी आशा कार्यकर्ती असेल, अंगणवाडीची ताई असेल, तालुक्याच्या कोर्टातला नवखा वकील असेल. कपडे पेटणाऱ्या घरात तो शिरेल, जळक्या चिंधीचा वास घेईल, भुंकणाऱ्या सुनेशी तासभर बोलेल आणि मग तलाठ्याकडे जाऊन त्या घराचा सातबारा काढेल. फेरफार कधी झाला, नाव कुणाचे कमी झाले, हे वाचेल. त्याचा तपास चुकेल, त्याला मार पडेल, साक्षीदार फुटतील. पण शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडेल, तो पुराव्यानिशी सापडेल आणि कोपऱ्यातल्या घरातली म्हातारी वाचेल.

अशी मालिका कुणी सुरू केली तर तिच्या शंभराव्या पुस्तकासाठीही आम्ही नंबर लावू.