प्रभादेवीचे रंगमंदिर आणि वर्ध्याची हौशी मंडळी

मुंबईच्या प्रभादेवी भागातील रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस पुन्हा खुले झाले, आणि त्याच सुमारास आमच्या वर्ध्यातील एका तरुण नाट्यमंडळाने, तालमीला जागा नाही व प्रयोगाला रंगमंच नाही म्हणून, निम्मे बसविलेले नाटक सोडून दिल्याचे माझ्या कानी आले. पहिल्या वार्तेचा आनंद दुसरीने टिकू दिला नाही. ज्या शासनाच्या तिजोरीतून ते रंगमंदिर उभे राहिले त्याच शासनाच्या मुलखात आम्हीही राहतो, आणि एके काळी त्या वास्तूचा व आमचा संबंध आजच्यापेक्षा पुष्कळ निकटचा होता, हे सांगणारेही आता थोडेच उरले आहेत.

१९६१ साली रवींद्रनाथ ठाकुरांची जन्मशताब्दी साजरी होत असता, राज्यांच्या राजधान्यांत त्यांच्या नावाची रंगमंदिरे बांधण्यास केंद्र सरकारने साहाय्य देऊ केले. हैदराबादची रवींद्र भारती, बंगळुरूचे रवींद्र कलाक्षेत्र, आदित्य प्रकाश यांनी रचलेले चंडीगढचे टागोर थिएटर आणि मुंबईचे हे रंगमंदिर ही सारी त्या एका काळाची भावंडे होत. कमानीच्या चौकटीतला खोल रंगमंच, दोन्ही अंगांस विंगांना ऐसपैस जागा, मागे रंगपट, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचे पाऊल दिसावे असा प्रेक्षागृहाचा उतार, ही त्या प्रकारच्या वास्तूची घडण. या चौकटीला पुढे प्रयोगशील म्हणविणाऱ्या पुष्कळांनी नावे ठेविली, आणि १९७४ नंतर दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ने नवी चळवळ उभी केली तेव्हा तर सरकारी रंगमंचावर नवे काही जन्मूच शकत नाही, असा सिद्धान्तही मांडला गेला. तो मला तेव्हाही मान्य नव्हता व आजही नाही.

कारण त्या वास्तूचा प्राण राज्य नाट्यस्पर्धेत होता. मुंबई राज्याने १९५४ साली ही स्पर्धा सुरू केली तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात मोडत होता. १९५६ च्या नोव्हेंबरात आम्ही द्वैभाषिक राज्यात आलो, आणि तेव्हा कोठे तिचे दार आम्हांस उघडले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची आठ-दहा वर्षे मी त्या धामधुमीत होतो. शाळामास्तर, डाकघरातले कारकून, पुलगावच्या गिरणीतला एखादा हिशेबनीस, अशी मंडळी दिवसाची नोकरी उरकून रात्री शाळेच्या एखाद्या वर्गात बाके बाजूला सारून तालीम करीत, आणि नेपथ्याच्या फ्रेमा दोरीने बांधून पॅसेंजरने नागपुरास प्राथमिक फेरीसाठी जात. मनात मात्र मुंबईच्या अंतिम फेरीचे स्वप्न असे. ज्याला कोणताही ठेकेदार तारीख देणार नाही, अशा अनोळखी नटाला शासन स्वखर्चाने पूर्ण आकाराचा रंगमंच, परीक्षक आणि प्रेक्षक देते, ही तजवीज मला आजही राज्यकारभारातल्या अत्यंत थोर गोष्टींपैकी एक वाटते.

१९६७ च्या डिसेंबरात विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा पहिला प्रयोग ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केला तो याच रवींद्र नाट्य मंदिरात आणि याच स्पर्धेसाठी; सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली नायिका बेणारेबाई प्रथम दिसली ती सरकारी दिव्यांच्या उजेडात. सिद्धान्त मांडणाऱ्यांनी ही एक तारीख लक्षात ठेविली असती तरी पुरे होते. नागपुरात विजया मेहता यांनी बसविलेले तेंडुलकरांचेच ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहून महेश एलकुंचवार नाटकाकडे वळले, ही हकीकत विदर्भात सर्वश्रुत आहे. एका प्रयोगाने एक नाटककार घडतो, पण त्यासाठी तो प्रयोग त्याच्या गावापर्यंत पोचावा लागतो.

शासनाची दुसरी बाजूही त्याच आठ-दहा वर्षांत पाहिली. १९७२ साली तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालविली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जाऊन न्याय मिळवावा लागला. एका हाताने रंगमंच द्यावयाचा आणि दुसऱ्याने संहितेवर लाल रेघा ओढावयाच्या, हा व्यवहार मला तेव्हा संतापजनक वाटे. अजूनही त्या मंडळाविषयी माझ्या मनात क्षमा नाही.

त्यानंतरच्या वर्षांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. चालू शतकाच्या आरंभी रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या नावाची महाराष्ट्र कला अकादमी आली, मोठ्या नाट्यगृहाच्या जोडीला लघु नाट्यगृह व तालीम-दालने झाली, आणि इमारत पूर्वीहून कितीतरी सुखसोयींची झाली.

आमच्याकडे मात्र या काळात जी सभागृहे बांधली गेली ती भाषणे, सत्कार आणि लग्ने यांच्या सोयीने बांधली गेली. मी पाहिलेल्या अशा एका इमारतीत रंगमंच जेमतेम दहा-बारा फूट खोल, विंगांच्या जागी सरळ भिंत, रंगपटातून रंगमंचावर यावयाचे तर प्रेक्षकांसमोरून यावे लागते, आणि आवाज असा घुमतो की ध्वनिक्षेपकावाचून तिसऱ्या रांगेलाही शब्द कळू नये. आराखडा मंजूर करताना एखाद्या नटाला वा नेपथ्यकाराला बोलावून विचारले असते तर तेवढ्याच खर्चात नाटकाची जागा झाली असती. भाडे विचारावयास गेलेल्या मुलांना, नाटकाने पडदे मळतात, असे उत्तर मिळाले.

वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील मंडळींची मागणी मोठी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तीनशे खुर्च्यांचे, पण खऱ्या विंगांचे आणि खोल रंगमंचाचे एक नाट्यगृह शासनाने बांधावे. आणि ते होईपर्यंत प्रभादेवीच्या लघु नाट्यगृहातील काही तारखा दरवर्षी मुंबईबाहेरच्या हौशी मंडळांसाठी बिनभाड्याने राखून ठेवाव्यात. गाडीभाडे आम्ही पूर्वीही वर्गणी काढूनच भरीत आलो आहोत.