‘ओर्लांदो फुरिओसो’चे चित्रपटीय रूपांतर : ‘इ पालादिनी’ (१९८३)

लुदोविको आरिओस्तो यांचे ‘ओर्लांदो फुरिओसो’ हे इटालियन प्रबोधनकाळातील वीरकाव्य १५१६ मध्ये ४० सर्गांत प्रथम प्रसिद्ध झाले. १५३२ च्या अंतिम आवृत्तीत त्याचा विस्तार ४६ सर्गांपर्यंत झाला. या काव्यावर आधारित ‘इ पालादिनी’ हा साहसपट जाकोमो बात्तिआतो यांनी १९८३ मध्ये दिग्दर्शित केला. ‘शस्त्रांची व प्रेमांची कथा’ अशा अर्थाच्या त्याच्या उपशीर्षकातील दोन्ही शब्द काव्याच्या पहिल्याच ओळीत आहेत. रूपांतराचा विचार मूळकृतीशी असलेल्या निष्ठेच्या निकषावर करण्याची प्रथा आहे. परंतु येथे हा निकष अपुरा ठरतो.

शार्लमेन व सारासेन यांच्यातील युद्ध ही काव्याची केवळ चौकट होय. तीत अनेक कथासूत्रे परस्परांत गुंफलेली आहेत. एखादा प्रसंग ऐन रंगात आला की निवेदक तो अर्धवट सोडून दुसरीकडे वळतो. आंजेलिका ही मेदोरो या सामान्य सैनिकावर अनुरक्त झाल्याचे कळताच ओर्लांदो वेडा होतो. त्याची हरवलेली बुद्धी आस्तोल्फो चंद्रावरून कुपीत भरून आणतो! वीरकाव्यानेच वीरत्वाची केलेली ही थट्टा आरिओस्तोंच्या प्रतिभेचा गाभा आहे.

चित्रपटाने मात्र या गुंत्यातून प्रामुख्याने ब्रादामांते व रुज्जेरो यांचे सूत्र उचलले. ती ख्रिस्ती योद्धा, तो शत्रुपक्षातील वीर. काव्यात या प्रेमाला राजकीय प्रयोजन आहे. रुज्जेरो बाप्तिस्मा घेतो, उभयतांचा विवाह होतो आणि त्यांच्यापासून फेरारा येथील एस्ते घराण्याचा उगम दाखविला जातो. हे घराणे कवीचे आश्रयदाते होते. विसाव्या शतकातील प्रेक्षकाला या वंशस्तुतीचे सोयरसुतक नाही. आश्रयदाता वगळला की तेच कथानक दोन धर्मांच्या सीमेवरील प्रेमाची कहाणी म्हणून उरते. म्हणजे कथा तीच राहूनही तिचा अर्थ बदलतो. हा बदल चित्रपटाची जमेची बाजू मानावा लागेल. निवेदकाचे मिस्कील भाष्य नाहीसे झाल्याने सारे काही गंभीर होते, ही त्याची खरी हानी होय.

चित्रपटातील चकाकत्या चिलखतांचे मूळ काव्यापेक्षा सिसिलीच्या ‘ओपेरा देइ पुपी’ या बाहुलीनाट्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. पालादिनांच्या कथा तेथे रात्रीमागून रात्र क्रमशः सादर होत. युनेस्कोने या कलेचा २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

काव्याची गुंफण जपणारा प्रयोग चित्रपटापूर्वीच रंगभूमीवर झाला होता. १९६९ मध्ये स्पोलेतो येथे लुका रोंकोनी यांनी एदोआर्दो सांग्विनेती यांच्या संहितेवर आधारित प्रयोगात अनेक प्रसंग एकाच वेळी सादर केले. प्रेक्षक त्यांतून उभ्याने हिंडत आणि कोणता प्रसंग पाहावा हे स्वतः ठरवीत. एका प्रसंगापाशी थांबलेल्या प्रेक्षकाचा दुसरा प्रसंग अपरिहार्यपणे हुकत असे.