‘सूट होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

‘हा रंग तिला सूट होत नाही.’ ‘मुंबईची हवा सासूबाईंना सूट झाली नाही.’ ‘नवी गोळी सूट होत नाहीये.’ ‘स्थळ तसं चांगलं होतं हो, पण आम्हाला सूट होण्यासारखं नव्हतं.’

गेल्या पंधरा दिवसांत कानावर पडलेली ही चार वाक्यं. दोन बोरिवलीत आमच्या इमारतीच्या जिन्यात, एक डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना आणि एक अंधेरीला जाताना लोकलच्या लेडीज डब्यात. बोलणाऱ्या चौघीही मराठी, ऐकणाऱ्याही मराठी. आणि हे फक्त मुंबईत चालतं असं समजू नका. मी माहेरी कराडला जाते तेव्हा मंडईतली भाजीवालीसुद्धा सांगते, ‘‘ताई, ही वांगी भरून करायला सूट नाही व्हायची, भरताला न्या.’’

मला इंग्रजी शब्दांचं वावडं नाही, हे आधीच सांगते. टेबल, पेन, बस, ब्लाऊज हे आता घरचेच झालेत. ‘नापास’ हा शब्द बघा. त्यातला ‘ना’ फारसीतून आलेला आणि ‘पास’ इंग्रजीतून. दोघांचा संसार मराठीच्या अंगणात सुखानं चाललाय. तेव्हा भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन मी उभी नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. एखादी गोष्ट, आणि मुख्य म्हणजे एखादी बाई, ‘योग्य नाही’ असं सांगायची वेळ आली की आपण हटकून इंग्रजीत का शिरतो, ते एकदा तपासून बघायला हवं.

आपल्याकडे या एका ‘सूट’च्या जागी किती क्रियापदं आहेत, मोजा. ब्लाऊज बसत नाही. रंग खुलत नाही. दागिना शोभत नाही. हवा मानवत नाही. दूध पचत नाही, वांगं बाधतं. औषध लागू पडत नाही. पत्रिका जुळत नाही. काम झेपत नाही. भाडं परवडत नाही. कुणाचं बोलणं रुचत नाही. नवी चप्पल चावते. आणि नव्या घरात माणूस लगेच रुळत नाही.

यातलं प्रत्येक क्रियापद आपलं कारण पदराला बांधून येतं. ‘बसत नाही’ म्हटलं की प्रश्न मापाचा. ‘परवडत नाही’ म्हटलं की पैशाचा. ‘मानवत नाही’ म्हटलं की प्रकृतीचा. ‘जुळत नाही’ म्हटलं की दोन्ही बाजूंचा, कुणा एकाचा दोष नाही. आणि कारण कळलं की उपाय सुचतो. ब्लाऊज बसत नाही म्हटल्यावर शिवणारी बाई आतली माया उसवून तो सैल करून देते. ‘सूट होत नाही’ म्हटलं की तो कपाटाच्या तळाशी जातो.

कपड्याचं ठीक आहे. माणसांचं काय?

आठ वर्षं झाली, दर शनिवारी संध्याकाळी मी एका वधू-वर सूचक मंडळात नोंदवहीचं काम बघते. आमच्या वहीत ‘नकाराचं कारण’ असा एक रकाना आहे. पूर्वीच्या वह्या चाळल्या तर त्यात ‘पत्रिका जुळत नाही’, ‘वयात अंतर जास्त’, ‘मुलीला गावी राहायचं नाही’ असं काहीबाही लिहिलेलं दिसतं. आता पानंच्या पानं एकच शेरा, ‘नॉट सूटेबल’.

दोन वर्षांपूर्वी जळगावकडच्या एका मुलीचं नाव आमच्याकडे होतं. औषधनिर्माण शास्त्र शिकलेली, अंधेरीला एका कंपनीत नोकरी, घाटकोपरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी. ओळीनं तीन ठिकाणांहून ‘नॉट सूटेबल’ आलं. तिच्या आईचा फोन आला. ‘‘ताई, नक्की काय कमी पडलं तेवढं सांगा ना. पोरगी रोज आरशासमोर उभी राहते. इंग्रजी बोलायचा क्लास लावलाय. गोरं व्हायची क्रीम आणलीये. काय सुधारायचं ते तरी कळू दे.’’

मी तिसऱ्या स्थळाला फोन लावला. मुलाची आई म्हणाली, ‘‘तसं काही नाही हो, मुलगी छानच आहे. पण आमच्या फॅमिलीला सूटेबल नाही वाटली.’’ मी म्हटलं, ‘‘वहिनी, आता मला मराठीत सांगा.’’ पलीकडे जरा शांतता. मग आवाज खाली आला. ‘‘ती दर महिन्याला आईला पैसे पाठवते म्हणे. वडील नाहीत ना. लग्नानंतरही पाठवणार म्हणाली. ते आमच्याकडे नाही चालायचं.’’

बघा, हेच वाक्य पहिल्याच झटक्यात सांगायची त्या बाईंना लाज वाटली असती. इंग्रजी शब्दानं ती लाज झाकली, आणि झाकलेली ती वस्तू जाऊन पडली त्या मुलीच्या रंगावर आणि बोलण्यावर. मी जळगावला फोन करून खरं कारण सांगितलं. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘एवढंच ना? मग नकार आमचा आहे असं लिहा.’’ मी तसंच लिहिलं.

‘सूटेबल’ची अशी बरीच भावंडं आमच्या उपनगरांत फिरत असतात. ‘टिपिकल’ म्हणजे साडी, मंगळसूत्र, डब्यात पोळीभाजी. ‘डाऊनमार्केट’ म्हणजे स्वस्तातलं. ‘ऑड’ म्हणजे चारचौघींपेक्षा निराळं. आणि कॉलेजातल्या पोरी दबक्या आवाजात म्हणतात तो ‘व्हर्नी’, म्हणजे व्हर्नाक्युलर, म्हणजे जी इंग्रजी शाळेत गेली नाही ती. तुमची लेक उद्या मुंबईला शिकायला आली आणि आठवड्यानं फोनवर रडली, तर यातलाच एखादा शब्द तिला लागलेला असण्याची शक्यता आहे. तिला एवढंच सांगा, की ‘व्हर्नी’ म्हणजे आपल्या भाषेत शिकलेली. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, ते म्हणणाऱ्यानं सांगावं.

घरगुती बोलण्यातलं सोडा, मोठ्या संस्थाही याच वाटेनं जातात. ३१ डिसेंबर २०२१ ला स्टेट बँकेनं एक परिपत्रक काढलं. नव्यानं नोकरीला लागणारी बाई तीन महिन्यांहून जास्त दिवसांची गरोदर असेल, तर तिला ‘टेम्पररिली अनफिट’ समजायचं, बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत रुजू व्हायचं. त्याआधी सहा महिन्यांपर्यंतच्या गरोदर बाईला डॉक्टरांच्या दाखल्यावर कामावर घेतलं जात होतं. देशभरातून ओरड झाली, दिल्लीच्या महिला आयोगानं नोटीस दिली आणि २९ जानेवारी २०२२ ला बँकेनं हे मागं घेतलं. आता ते दोन शब्द मराठीत आणून बघा. ‘तात्पुरती नालायक’! पोटुशी, दोन जिवांची, दिवस गेलेली असे शब्द असलेल्या भाषेत हे वाक्य कुणाच्या तोंडून बाहेर तरी पडलं असतं का? इंग्रजीत ते छापून निघालं, सह्या होऊन गावोगाव गेलं.

मुलुंडची गोष्ट तर तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला कार्यालयासाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी बाईंना ‘महाराष्ट्रीयन नॉट अलाउड’ असं सांगण्यात आलं. त्यांनी तो प्रकार चित्रफितीतून जगासमोर मांडला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ‘नॉट अलाउड’ म्हणजे कुणी मनाई केली? कुठल्या नियमानं? ‘आम्ही तुम्हाला जागा देणार नाही’ असं म्हणायला ‘आम्ही’ लागतो, समोर उभं राहावं लागतं. ‘नॉट अलाउड’मध्ये कुणीच नसतं. जणू पाटीच बोलतेय.

कायदा मात्र असं मोघम बोलू देत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जाऊन ‘ही मला सूट होत नाही’ म्हटलं तर भागत नाही. दोघांची संमती असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दिलेलं कारण, म्हणजे क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं असं काहीतरी, नाव घेऊन सांगावं लागतं आणि सिद्ध करावं लागतं.

नोकरीचंही तसंच. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काही करावं म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला सांगतात, ‘‘आता कसलं, मी एज बार झाले.’’ कोणी सांगितलं? तर जावेनं, नाहीतर शेजारणीनं. बायांनो, ‘एज बार’ हा शब्द नाही, तो आकडा आहे. तो आकडा विचारा. २०१६ मध्ये राज्य सरकारनं आपल्या नोकऱ्यांसाठी सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३३ वरून ३८ केलं आणि मागासवर्गीयांसाठी ३८ वरून ४३. काही पदांना मर्यादा वेगळी असते, म्हणून जाहिरात स्वतः वाचायची. छत्तिसाव्या वर्षी घरी बसून ‘एज बार’ म्हणणाऱ्या बाईला कुणी बाद केलेलंच नसतं.

आता कुणी म्हणेल, मराठी काय मोठी सोज्वळ लागून गेली? नाही, अजिबात नाही. ‘नालायक’ या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘पात्र नसलेला’, पण आपण त्याची शिवी करून टाकली. आणि आमच्या सातारा जिल्ह्यात तर मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचं नावच ‘नकोशी’, ‘नकुसा’ ठेवायची रीत होती. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर ते नाव. याहून क्रूर शब्द कुठला? पण तो शब्द उघडा होता. ऐकणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ कळत होता. म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं देता आली. याच मुलींच्या दाखल्यावर ‘अनसूटेबल’ लिहिलेलं असतं, तर किती जणांच्या लक्षात आलं असतं कोण जाणे.

आणि इंग्रजी शब्द दर वेळी वाईटच करतो असंही नाही. घरातल्या मोठ्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणायची सोय मुलींना आपण कधी दिली नाही. आज माझी भाची ‘मला ते कम्फर्टेबल वाटत नाही’ म्हणते आणि कुणी तिला उद्धट म्हणत नाही. ‘बॅड टच’ हा शब्द शाळेत शिकलेलं लेकरू घरी येऊन आईला सांगू शकतं. आपल्या लहानपणी तेवढासुद्धा शब्द हाताशी नव्हता, नुसतं रडू यायचं. पण तिथेही मराठीला अगदी नेमका शब्द आहे. ‘नकोसा’ स्पर्श. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची कसोटी तीच आहे, तिला ते नकोसं होतं का? नकोशी या एका शब्दानं मुलींवर अन्याय केला, त्याच शब्दाचा आधार घेऊन त्या आता तक्रार नोंदवू शकतात.

तेव्हा इंग्रजी शब्द वापरू नका, असं मी मुळीच सांगणार नाही. गोळी सूट होत नसली तर खुशाल तसं म्हणा, फक्त डॉक्टरांना पुढचंही सांगा, मळमळतं की अंगावर पुरळ उठतं ते. पण कुणी तुम्हाला, तुमच्या लेकीला, सुनेला ‘नॉट सूटेबल’, ‘अनफिट’, ‘टिपिकल’ म्हणालं, तर रडत घरी येऊ नका. शांतपणे विचारा, ‘‘म्हणजे काय? बसत नाही, परवडत नाही, जुळत नाही, की नुसतंच नको आहे?’’ दहातल्या आठ वेळा समोरचा अडखळेल. उरलेल्या दोन वेळा खरं कारण कळेल, आणि ते खरोखरच तुमच्यातलं असेल तर उसवून सैल करता येईल.

आणि हो, हा प्रश्न उलट्या बाजूनंही विचारायचा. आमच्या वहीतला ‘नॉट सूटेबल’चा शेरा बहुतेक वेळा मुलाची आई लिहिते. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच एक बाई. गेल्या महिन्यापासून मी त्या रकान्याखाली एक ओळ छापून घेतली आहे, ‘कारण कृपया मराठीत लिहावे.’ काही जणींना राग आला. दोघींनी मात्र पेन हातात घेऊन बराच वेळ विचार केला आणि मग रकाना कोराच ठेवून मुलीचा फोन नंबर मागून घेतला.