बँडची चुगली

रात्री दोन पेग झाले की मनगटावरचा फिटनेस बँड सकाळी चुगली करतो: झोपेतले ठोके नेहमीपेक्षा जास्त, एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार, खाली. बँडला दारू कळत नाही. त्याला दिसतो फक्त शरीरावरचा ताण.

फिनलंडमध्ये ४,०९८ नोकरदारांच्या ठोक्यांच्या अशाच नोंदी तपासल्या गेल्या. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार झोपेच्या पहिल्या तीन तासांत शरीराची झीज भरून येण्याचं काम थोड्या दारूनेही सुमारे ९ टक्क्यांनी घटलं. मध्यम प्रमाणात २४, जास्त प्रमाणात ३९ टक्क्यांनी. नेमाने व्यायाम करणारेही सुटले नाहीत. (‘एका पेगने झोप मस्त लागते’वाल्यांनी हे जरूर वाचावं.)

मात्र एका रात्रीच्या आकड्यावर जाऊ नका. ताप, जागरण, उशिराचं जेवण यांनीही ठोके वाढतात. आधी बिनदारूच्या आठवड्याची सरासरी काढा, मग तुलना करा.

रोज भरपूर पिणाऱ्यांनी बँडच्या भरवशावर दारू एकदम सोडू नये. थरथर, झटके, भ्रम असे त्रास जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टरांना भेटा किंवा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.