दंतोपचारातील हयगय आणि न्यायाची वाट

वाकडे दात ही एकेकाळी जन्माबरोबर आलेली आणि जन्मभर निभावून न्यायची गोष्ट समजली जाई. आज तसे राहिलेले नाही. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत दातांना तार बसविणारे तज्ज्ञ उपलब्ध आहेत, धुळ्यात दंतवैद्यक महाविद्यालयही आहे. आणि शाळकरी मुलांबरोबरच तिशी-चाळिशीतली नोकरदार माणसेही हा उपचार घेऊ लागली आहेत. चोपड्याहून वा साक्रीहून महिन्याकाठी एस.टी.ने यावे, रजा खर्ची घालावी, हप्त्याहप्त्याने पैसे भरावेत, असा हा दीड-दोन वर्षांचा व्यवहार असतो. तो बिघडला तर सामान्य माणसाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ सौंदर्याचा राहत नाही.

प्रथम उपचाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. तारेचा सौम्य पण सततचा दाब पडला म्हणजे दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. वाढत्या वयात जबड्याची वाढही साहाय्यभूत होते. प्रौढाच्या बाबतीत ती थांबलेली असते. त्याच्या हिरड्यांना आधीच विकार असेल तर तो बरा केल्याविना तार लावणे म्हणजे भुसभुशीत जमिनीत रोवलेला खांब ओढण्यासारखे आहे. काहींच्या दातांची मुळे उपचारात आखूड होतात. तार काढल्यावर दात स्थिर ठेवणारे साधन वापरले नाही तर ते पूर्वस्थितीकडे वळतात. तेव्हा प्रत्येक अपयश म्हणजे हयगय नव्हे. मूळ आखूड होणे हा दोष नसेलही. परंतु प्रारंभी क्ष-किरण चित्र न काढणे, हिरड्या न तपासणे, धोक्याची पूर्वकल्पना न देणे, हा मात्र निःसंशय दोष होय.

ही भेदरेषा कायद्यानेही आखलेली आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्यात आणण्यात आले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविण्यात आले आणि तो तरुण दगावला. त्याच्या आईवडिलांना मिळालेली भरपाई होती तीन हजार रुपये! परंतु जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल त्या रकमेहून फार मोठा ठरला. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे त्यात स्पष्ट झाले. दातांच्या तारेलाही हीच कसोटी लागू पडते.

पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ही त्या कायद्याखालील 'सेवा'च आहे असे ठरविले. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात, उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती, हे तत्त्व दृढ झाले. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. उपचार पुण्या-मुंबईत झाला असला तरी जळगावच्या रहिवाशाला जळगावातच तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

मग अडते कोठे? केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात देणारा जाणता आणि घेणारा अजाण असतो. ही विषमता दवाखान्याच्या दारात संपत नाही, ती न्यायासनापर्यंत सोबत येते. क्ष-किरण चित्रे, दातांचे साचे, नोंदी हे सारे दंतवैद्याच्या ताब्यात असते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा हवाच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले खरे. पण मूळ का झिजले हे तज्ज्ञावाचून कोण सांगणार? आणि सारे एकमेकांना ओळखतात अशा गावात व्यवसायबंधूविरुद्ध बोलण्यास कोण धजावणार?

दुसरी अडचण मुदतीची. तक्रारीस साधारणतः दोन वर्षांची मर्यादा आहे, आणि तेवढा काळ तर उपचारच चालतो. 'पुढच्या महिन्यात सुधारेल' या आश्वासनावर रुग्ण थांबून राहतो. १९९३ च्या एका शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले गॉज २००२ मध्ये निघाले. २००४ मध्ये केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुदतबाह्य ठरविली. रुग्ण स्वतः परिचारिका असूनही वेदना होत असताना नऊ वर्षे त्या डॉक्टरकडे गेली नाही, हे तिच्या विरोधात गेले. दोष लपलेला असेल तर तो कळल्यापासून मुदत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. पण वाजवी दक्षता दाखविणाऱ्यालाच त्याचा लाभ मिळतो.

डॉक्टरांची बाजूही विसरता कामा नये. खटल्याच्या धाकाने प्रत्येक जण अनावश्यक तपासण्या सांगू लागला तर त्याचा भार अखेर रुग्णाच्याच खिशावर पडेल. म्हणून उपाय वैरभावात नसून नोंदीत आहे. उपचाराचा लेखी आराखडा, खर्च, कालावधी व धोके मराठीत लिहून द्यावेत. प्रत्येक हप्त्याची पावती आणि क्ष-किरण चित्रांची प्रत रुग्णाला मिळावी. रुग्णानेही भेटी न चुकविता ही कागदपत्रे जपावीत. ग्राहक आयोगांनी दंतवैद्यक महाविद्यालयांतील अध्यापकांचे, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातील, तटस्थ मंडळ नेमून घ्यावे. असे झाल्यास प्रामाणिक दंतवैद्याला भय उरणार नाही आणि हयगय करणाऱ्याला आडोसा उरणार नाही. कापूस विकताना शेतकरी मापाची पावती मागतो. दात दुसऱ्याच्या हाती सोपविताना सुशिक्षित माणसाने ती मागण्यास का संकोचावे?