रजोनिवृत्तीकालीन मनोवैषम्य : औषधापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

रजोनिवृत्ती ही व्याधी नव्हे. ती स्त्रीजीवनातील स्वाभाविक अवस्था आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षी आणि निवृत्ती पन्नाशीत सांगितली आहे. आधुनिक वैद्यकही ४५ ते ५५ हाच सर्वसाधारण काळ मानते. भारतीय स्त्रियांत ती बहुधा ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे निवृत्ती झाली, असे समजतात. मनाची अस्थिरता मात्र पुष्कळदा त्याआधीच, पाळी मागेपुढे होऊ लागते त्या संधिकाळात, सुरू होते. क्षुल्लक कारणावरून संताप, विनाकारण रडू, धडधड, निरुत्साह अशा तक्रारी घेऊन रुग्णा येते. किंवा येतच नाही, आणि मुलगा औषधालयात येऊन ‘आईचं डोकं शांत राहील असं काहीतरी द्या’ असे सांगतो. शिरूर व दौंड तालुक्यांतील व्यावसायिकांना हे वाक्य अपरिचित नसावे. हाती बाटली देण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारले जावेत, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न : पाळीची स्थिती काय?

संधिकाळात स्त्रीसंप्रेरके संथपणे उतरत नाहीत. त्यांत मोठे चढउतार होतात आणि निद्रा व मनःस्थिती यांचे नियमन करणाऱ्या मेंदूतील क्रिया त्यामुळे विचलित होतात. आयुर्वेदीय दृष्टीने हा मध्यम वयातील पित्तप्राधान्य ओसरून वात वाढू लागण्याचा संधी होय. म्हणून संताप व अंगातून वाफा निघणे यांत पित्तानुबंध, भय, धडधड व अनिद्रा यांत वातानुबंध, तर जडत्व व निरुत्साह यांत कफानुबंध पाहावा. तिन्ही रुग्णांना एकच औषध देणे शास्त्रास धरून नाही. थायरॉईडचा विकार व पांडुरोग यांतही अशीच लक्षणे दिसतात. त्यांची तपासणी करून घ्यावी.

दुसरा प्रश्न : झोप कशी लागते?

रात्री घाम फुटून दोन-तीन वेळा जाग येणारी स्त्री दिवसा चिडचिड करणारच. तेथे मनाच्या औषधापेक्षा निद्रेची चिकित्सा आधी हवी. सायंकाळनंतर चहा वर्ज्य, जेवण लवकर व हलके, झोपताना तिळाच्या तेलाने पादाभ्यंग, हे उपाय अल्पखर्चिक आहेत. वातानुबंधात अश्वगंधा चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधातून, पित्तानुबंधात शतावरी, आणि वैद्याच्या निर्णयानुसार ब्राह्मी, जटामांसी योजावी.

तिसरा प्रश्न : पिशवी काढली आहे का?

आपल्या भागात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. भीमा-घोडकाठच्या उसाच्या पट्ट्यात दरवर्षी हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणीमजूर येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतील अनेकी चाळिशीच्या आतील होत्या.

केवळ गर्भाशय काढले असल्यास पाळी थांबते, परंतु बीजकोश कार्य करीत राहतात. तेव्हा निवृत्तीची खूण पाळीवरून नव्हे, तर वाफा, घाम व निद्रा यांवरून शोधावी लागते. दोन्ही बीजकोशही काढले असल्यास वर्षानुवर्षे चालणारे संक्रमण काही दिवसांत घडते आणि मनोविकार, अस्थिक्षय व हृद्रोग यांचा धोका वाढतो. पंचेचाळिशीच्या आत असे झालेल्या स्त्रीस केवळ आपल्या औषधांवर न ठेवता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे; तिला संप्रेरक-चिकित्सेची आवश्यकता असू शकते. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर न थांबता शस्त्रक्रियेचा कागद पाहावा.

चिकित्सा सुचविताना तिचे जगणेही ध्यानी घ्यावे. पहाटे कोपीतून फडावर जाणाऱ्या आणि एका दिवसाच्या अनुपस्थितीस खाडा भरणाऱ्या स्त्रीला सात दिवसांची शिरोधारा सांगणे व्यर्थ होय. तिला पादाभ्यंग, चूर्ण आणि गावी परतल्यावर पुढील वैद्यास दाखविण्यासाठी लिहून दिलेला कागद, हेच उपयोगी.

चौथा प्रश्न : जगणे नकोसे वाटते का?

हे विचारल्याने असा विचार मनात नव्याने येत नाही. उलट रुग्णा मोकळी होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर खिन्नता असल्यास, किंवा पूर्वी बाळंतपणानंतर अथवा अन्य वेळी खिन्नतेचा विकार होऊन गेला असल्यास, मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मरणाचा विचार बोलून दाखविल्यास विलंब नको. तिला एकटीला सोडू नये. २०२२ पासून सुरू असलेली शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. निवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास मात्र तो ‘उष्णतेचा’ म्हणून न सोडता कर्करोगाची शक्यता तपासून घ्यावी.

औषधविक्रेत्यांसाठी

थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना अश्वगंधा, रक्तदाब असताना यष्टिमधु, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असताना शतावरी वैद्यास विचारल्याविना देऊ नये. सारस्वतारिष्टात स्वयंजनित मद्यांश असतो, हेही सांगावे. स्मृतिसागर रसात पारद, हरताळ, मनःशिला आहेत. असे कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असून त्यांच्या वेष्टनावर तशी सूचना असते. रुग्णा चालू असलेली मनोविकाराची औषधे आपल्या सल्ल्याने अचानक बंद करणार नाही, याची दक्षता घ्यावी.

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांबरोबर सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली. तिची सुरुवात रुग्णेचे म्हणणे ऐकण्यापासून होते. शक्य तेथे पतीस किंवा मुलास समोर बसवून ‘हा स्वभावदोष नव्हे, शरीरातील बदल आहे, आणि तो निवळतो’ एवढे समजावून सांगावे. घरातील बोलणी थांबली की औषधासही बळ येते. चार प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ आपण प्रत्येकीस द्यावा, ही विनंती.