पीआयडी ५१२, पण कुठल्या गावचा?

आजचा प्रश्न मांडवगण फराट्याहून आलाय. डॉकर कंटेनरमधल्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा ओळख क्रमांक, ५१२ दिसतो. सर्व्हरवर ५१२ शोधला तर भलतीच प्रोसेस निघते. मग खरा नंबर कुठला?

दोन्ही खरे! सातबारा काढताना नुसता 'गट नंबर ५१२' सांगून भागत नाही. आधी जिल्हा, तालुका, गाव निवडावं लागतं. मांडवगण एक आपलं शिरूर तालुक्यातलं, दुसरं श्रीगोंद्यातलं. गट नंबर तोच असला तरी जमीन वेगळी.

लिनक्समध्ये जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलपासून पीआयडी नेमस्पेस आली. प्रत्येक कंटेनर हे जणू नवं गाव, तिथली मोजणी १ पासून सुरू. एकाच प्रोसेसला आतला एक नंबर आणि बाहेरचा दुसरा. प्रोग्रॅम स्वतःचा नंबर विचारतो तेव्हा त्याला आतलाच मिळतो, आणि तोच लॉगमध्ये उतरतो.

आता शोधायचं कसं? सर्व्हरवर 'डॉकर टॉप' आणि कंटेनरचं नाव द्या. बाहेरचे नंबर दिसतील. त्यातल्या एकेका नंबराची, प्रॉक फोल्डरमधली स्टेटस फाइल उघडा. कर्नल ४.१ किंवा नवा असेल तर तिथे 'एनएसपिड' नावाची ओळ असते. समजा तिथे '२०४१७ ५१२' असं दिसलं, तर डावीकडचा बाहेरचा, उजवीकडचा आतला. झाली जोडी!

विंडोजवर डब्ल्यूएसएल २ वापरत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे लिनक्स स्वतःच्या कर्नलसह व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. टास्क मॅनेजरला आतल्या प्रोसेस सुट्या दिसतच नाहीत, त्यामुळे नंबरांची अशी जोडी लावता येत नाही. लिनक्सची प्रोसेस लिनक्सच्या टर्मिनलमधूनच बंद करायची.

एवढा खटाटोप कशाला? कारण 'किल -९' विचारत बसत नाही. बाहेरचा ५१२ हा चालू डेटाबेस असेल, तर अडकलेला प्रोग्रॅम तसाच राहील आणि डेटाबेस मात्र बसेल. शिवाय प्रोसेस संपली की तिचा नंबर पुढे दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकतो. म्हणून मारण्याआधी तीन गोष्टी बघा: कुठल्या थरातला नंबर, कमांड कुठली, सुरू कधी झाली. तिन्ही जुळल्या तरच एंटर दाबा.

भेटू पुढच्या भागात!